मरणाच्या दारातून परतलेल्यांची आत्मकथनं आणि देव न मानणारा वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो. हृदय बंद पडून, बुडता बुडता किंवा कोमातून परत आलेल्या माणसांची आत्मकथनं तिथे नेहमी निघतात आणि प्रश्नही तेच तेच येतात. मी देव, आत्मा, परलोक यांतलं काही मानत नाही, तरी ही पुस्तकं मनापासून वाचते. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मी देव मानत नाही. मग असं पुस्तक हातात कशाला घेऊ?

कारण परलोकाची गोष्ट येण्याआधी त्यात एका माणसाच्या आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस असतात. छातीत कळ आली तेव्हा तो कुठे होता, कुणी उचलून नेलं, शुद्धीवर आल्यावर आधी कुणाचा आवाज ऐकू आला, घरी परतल्यावर बायकोशी साधं बोलतानाही रडू का येई, हे सगळं त्यात असतं. आपल्याकडे मरणाविषयी बोलायला जागाच नाही. सुतकात गरुडपुराण ऐकायचं, तेराव्याला जेवायचं, आणि नंतर कुणी विषय काढला की ‘अशुभ बोलू नको’ म्हणून गप्प करायचं. देव न मानणाऱ्याची अडचण त्याहून मोठी, कारण त्याला गरुडपुराणाचाही आधार नाही. मरण जवळून बघितलेला माणूस स्वतःहून बोलतोय, तर ऐकून घ्यावं. मला एवढं कारण पुरतं.

शिवाय गोव्यात देव न मानणाराही देवळापासून सुटलेला नसतो. त्याचं नाव देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्या सभासदांच्या, यादीत असतं, जत्रेला घरी पाहुणे येतात, शेजारच्या ख्रिस्ती घरी लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असली की तिथेही तो जाऊन बसतो. आपली श्रद्धा नसताना श्रद्धेने राहणाऱ्यांत मिळून मिसळून राहायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. ही पुस्तकं वाचताना तीच उपयोगी पडते.

हे अनुभव खरोखर येतात, की पुस्तक खपावं म्हणून रचलेले असतात?

येतात. त्याबद्दल अभ्यासकांत आता फारसा वाद उरलेला नाही. आल्बर्ट हाइम नावाचे स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समध्ये स्वतः कड्यावरून पडले आणि वाचले. मग पडून वाचलेल्या इतरांच्या हकिगती त्यांनी जमवल्या आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध केल्या. वेदना नाही, भीती नाही, विचार विलक्षण वेगाने धावतायत, सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातंय, असं बरेच जण सांगत होते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड मूडी यांच्या पुस्तकामुळे हा विषय घरोघरी पोचला. १९८३ मध्ये ब्रूस ग्रेसन या मानसोपचारतज्ज्ञांनी असे अनुभव मोजायला सोळा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली आणि ती आजही वापरात आहे.

सर्वांत जास्त उल्लेख होतो तो नेदरलँड्समधले हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांच्या अभ्यासाचा. तो २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहा रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचवल्या गेलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. बाकीच्या ८२ टक्क्यांना काहीही आठवत नव्हतं. पुस्तक अर्थात त्या अठरा टक्क्यांतलंच कुणीतरी लिहितं, आणि आठवण नसलेल्यांचं पुस्तक कधी निघत नाही. कपाटातली अशी सगळी पुस्तकं वाचली तरी चित्र एकाच बाजूचं मिळतं, हे वाचकाने धरून चालावं.

मग वाचायचं कसं?

मी शिसपेन्सिल घेऊन बसते. समजा लेखकाने लिहिलंय: ‘मी छताजवळ तरंगत होतो, खाली डॉक्टर माझ्या छातीवर दाब देत होते, आणि मला कळून चुकलं की मी म्हणजे हे शरीर नव्हे.’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छातीवर दाब दिला, ही घडलेली घटना. ती रुग्णालयाच्या कागदांत सापडेल, म्हणून तिच्याखाली मी रेघ मारते. छतावरून पाहिलं, हा त्याचा अनुभव. त्यावर मी पेन्सिल टेकवत नाही, कारण त्याला काय जाणवलं हे त्याच्याखेरीज कुणाला कळणार? ‘मी म्हणजे शरीर नव्हे’ हा त्याने काढलेला निष्कर्ष. तिथे समासात प्रश्नचिन्ह.

अशी पन्नासेक पानं झाली की पुस्तकातल्या या तीन गोष्टी आपोआप सुट्या होतात. काही लेखकांकडे रेघा भरपूर आणि प्रश्नचिन्हं मोजकी सापडतात. काहींकडे दर पानाला प्रश्नचिन्हं, आणि रुग्णालयाच्या कोणत्या विभागात होते, किती वेळ बेशुद्ध होते, कोणती औषधं चालू होती, याचा पत्ता नाही. पहिल्या प्रकारच्या लेखकाचे निष्कर्ष मला पटले नाहीत तरी माणूस म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

आणखी एक विनंती. बहुतेक जण सुरुवातीची आजारपणाची आणि शेवटची घरी परतल्यानंतरची प्रकरणं भराभर चाळतात आणि मधल्या प्रकाशाच्या प्रकरणात रमतात. उलट करून बघा. प्रकाशाची वर्णनं पुस्तकागणिक बरीच सारखी निघतात, पण परत आल्यावरचं आयुष्य प्रत्येकाचं निराळं असतं. नोकरी सोडावीशी वाटणं, जुने मित्र परके वाटणं, वाचलो याचा आनंद होण्याऐवजी परत यावं लागलं याचं दुःख होणं, हे सगळं तिथे असतं. व्हॅन लोमेल यांच्या अभ्यासात रुग्णांना दोन आणि आठ वर्षांनी पुन्हा भेटले होते. ज्यांना असा अनुभव आला होता, त्यांची मरणाची भीती बाकीच्यांपेक्षा जास्त ओसरली होती. हा बदल खरा आहे, आणि तो समजून घ्यायला परलोक मानावा लागत नाही.

‘डॉक्टरांनी मला मृत घोषित केलं होतं’ असं लेखक लिहितो. मग तो मेलाच होता ना?

नाही. हृदय थांबलं म्हणजे माणूस मरणाच्या उंबऱ्यावर आला. छातीवर दाब आणि विजेचा झटका देऊन त्याला परत आणता येतं, कारण मेंदूच्या पेशी त्या क्षणी मेलेल्या नसतात. मेंदूमृत्यू ही निराळी गोष्ट. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करून तो जाहीर करतं, आणि तिथून कुणी परत येत नाही. कोमात तर मेंदू कमीअधिक चालूच असतो. पुस्तकात या तिन्हींची सरमिसळ झालेली दिसली की सावध व्हा.

पण मेंदू बंद असताना त्याने पाहिलं आणि ऐकलं कसं?

सगळा वाद इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्ताभिसरण थांबल्यावर साधारण वीस सेकंदांत मेंदूचा विद्युत आलेख सपाट होतो. परलोकवादी म्हणतात, सपाट आलेख असताना अनुभव आला म्हणजे जाणीव मेंदूबाहेर आहे. पण अनुभव नेमका त्याच वेळी आला हे कुणी पाहिलं? रुग्ण तो नंतर सांगतो. तो हृदय थांबण्याआधीच्या सेकंदांत, छातीवरच्या दाबाने मेंदूला थोडं रक्त मिळत असताना, किंवा शुद्ध परत येताना घडलेला असू शकतो. स्वप्नात अख्खा प्रवास होतो आणि घड्याळात काही मिनिटंच गेलेली असतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

मरणाऱ्या मेंदूत शांतता असते हेही तितकं खरं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की उंदरांचं हृदय थांबल्यावर पहिल्या तीसेक सेकंदांत मेंदूत जलद लहरींची सुसंघटित उसळी येते. २०२३ मध्ये कृत्रिम श्वास काढून घेतलेल्या चार रुग्णांचे आलेख त्यांनी प्रसिद्ध केले, त्यांतल्या दोघांत तशीच उसळी दिसली. पण चौघेही वाचले नाहीत. त्यांना काही जाणवलं का, हे विचारता येणं शक्य नव्हतं.

शरीराबाहेरून पाहिल्याचा दावा तपासायला सॅम पार्निया या डॉक्टरांनी फार साधी युक्ती केली. रुग्णालयांत उंचावर फळ्या बसवल्या आणि त्यांवर छताकडूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांतल्या २०६० प्रसंगांचा हा अभ्यास २०१४ मध्ये आला. मुलाखत देण्याइतके बरे झालेले १४० जण मिळाले. पाहिल्याचं आणि ऐकल्याचं स्पष्ट आठवत होतं असे मोजून दोन निघाले, आणि त्या दोघांचंही हृदय फळी नसलेल्या जागी बंद पडलं होतं. त्यांतल्या एकाने सांगितलेला तपशील प्रत्यक्ष घडलेल्याशी जुळला, हे सांगायलाच हवं. पण चित्राची परीक्षा कुणाचीच झाली नाही.

म्हणजे विज्ञानाने हे कोडं सोडवलंय म्हणायचं का?

तेही म्हणू नका. तुकडे हाती आलेत. २००२ मध्ये मेंदूचे अभ्यासक ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत उजव्या बाजूला एका विशिष्ट जागी वीज दिली तेव्हा तिला आपण वरून स्वतःला पाहतोय असं वाटलं. केटामिन या भुलीच्या औषधाने याच्याशी मिळतेजुळते अनुभव येतात. प्रचंड वेगात वळणाऱ्या लढाऊ वैमानिकांच्या मेंदूला रक्त कमी पडलं की त्यांची नजर कडेकडेने काळी होत जाते आणि मधे बोगद्यासारखी जागा उरते.

मला सर्वांत विचार करायला लावतो तो १९९० चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास. असे अनुभव सांगणाऱ्या ५८ जणांची रुग्णालयीन कागदपत्रं तपासली, तेव्हा ३० जणांच्या जिवाला धोकाच नव्हता असं निघालं. आपण मरतोय असं त्यांतल्या बहुतेकांना वाटत मात्र होतं. हाइम यांचे गिर्यारोहकही पडताना धडधाकट होते. म्हणजे प्राणवायू कमी पडणं हे एकच कारण पुरेसं नाही. तेव्हा कुणी नास्तिक मित्र ‘ऑक्सिजन कमी पडला, संपला विषय’ म्हणाला तर त्यालाही थांबवा.

मेंदूतून आलं म्हणजे शेवटी भासच ना?

इथे मला आपले आबे फारिया आठवतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी, आडव्या झालेल्या बाईवर हात पसरून उभा असलेला काळा पुतळा आहे ना, तेच. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला आणि त्याने माणसांना गुंगीत नेण्याचे प्रयोग जाहीरपणे केले. त्या काळी सगळे म्हणत की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती वाहते. फारियांनी ठामपणे सांगितलं की माझ्यातून काहीही जात नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनातून घडतं. अनुभव खोटा आहे असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त त्याचं कारण बाहेरून उचलून आत आणून ठेवलं. १८१९ मध्ये पॅरिसलाच, हालात, ते गेले. या आत्मकथनांकडे बघायची दोनशे वर्षांपूर्वीची रीत आपल्या कांदोळीच्या माणसाने घालून दिलीय, याचा मला फार अभिमान वाटतो.

परदेशी पुस्तकांत बोगदा आणि प्रकाश. आपल्याकडे यमदूत का?

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतले इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या १६ प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दूत येऊन घेऊन जातात, तिथे वही घेऊन बसलेला कुणीतरी असतो, नाव तपासतो, आणि ‘चुकीचा माणूस आणलात’ म्हणून परत पाठवतो, अशा हकिगती होत्या. चित्रगुप्ताची वही ऐकत वाढलेल्याला वही दिसते आणि चर्चमध्ये वाढलेल्याला प्रकाशातली व्यक्ती. आता यावर मित्र लगेच म्हणतात की मग सगळं संस्कारांचंच. पण ‘कुणीतरी भेटतं, आणि तिथून परत पाठवलं जातं’ हा सांगाडा दोन्हीकडे आहे. तो का असावा, हा प्रश्न मला पुस्तकातल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा जास्त ओढून घेतो.

नास्तिकालाच असा अनुभव आला तर?

आलाय. ए. जे. एअर हे ब्रिटिश तत्त्वज्ञ कट्टर नास्तिक होते. १९८८ मध्ये रुग्णालयात असताना माशाचा तुकडा घशात अडकून त्यांचं हृदय चार मिनिटं बंद पडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी लिहिलं की डोळ्यांना त्रास होईल इतका प्रखर लाल प्रकाश दिसला आणि विश्वाचा कारभार त्या प्रकाशाकडे आहे असं वाटलं. मृत्यूनंतर काहीच नाही या खात्रीला थोडा धक्का बसला, असं त्यांनी आधी लिहिलं. मग काही आठवड्यांनी दुरुस्ती केली: मत बदललेलं नाही, त्या मताबद्दलचा ताठरपणा तेवढा सैल झाला. पुढच्याच वर्षी ते वारले. जे दिसलं ते लपवायचं नाही आणि त्यातून निघतं त्यापेक्षा जास्त काढायचंही नाही, याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

तुकोबांनी आपलं मरण डोळ्यांनी पाहिलं म्हणतात. ते हेच का?

नाही. तिथे ‘मी’पणाचं मरण आहे, रुग्णालयातलं नाही. तो अभंग पुरावा म्हणून पुढे करणं म्हणजे तुकोबांवरच अन्याय.

लेखक चक्क खोटं बोलत असेल तर?

असंही झालंय. अमेरिकेत अपघातानंतर स्वर्ग पाहून आलेल्या एका लहान मुलाचं म्हणून २०१० मध्ये आलेलं पुस्तक खूप खपलं. २०१५ मध्ये मुलाने स्वतःच जाहीर केलं की आपण स्वर्गात गेलोच नव्हतो, लक्ष वेधून घ्यायला तसं सांगितलं होतं. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्या पोराला दोष द्यावासा मला वाटत नाही. अंथरुणाला खिळलेलं मूल आणि भोवती ते ऐकायला आसुसलेली मोठी माणसं, एवढं डोळ्यांसमोर आणा.

बाकी बहुतेक लेखक खोटं बोलत नसतात. पण आठवण प्रत्येक सांगण्यागणिक थोडी घोटून घेतली जाते. घटनेनंतर लगेच लिहून ठेवलेलं टिपण आणि दहा वर्षं भाषणं देऊन झाल्यावर लिहिलेलं पुस्तक, यांत मी टिपणाला जास्त वजन देते.

आईने हे पुस्तक दिलंय आणि विचारते, ‘आता तरी मानशील?’ काय सांगू?

आधी वाचा. न वाचता परत देऊ नका. मग तिला कोणतं पान आवडलं ते विचारा. बहुतेक वेळा ते पान गेलेल्या माणसांच्या भेटीचं निघतं, आणि मग बोलणं देवावर न राहता तुमच्या आजोबांवर किंवा लवकर गेलेल्या मावशीवर येतं. ‘मला परलोक पटत नाही, पण तुला ते पान का आवडलं ते कळलं’ हे वाक्य आईला चालतं. आणि घरात सुतक असताना या विषयावर वाद घालू नका, कोणत्याच बाजूने.

ओळखीतलंच कुणी असा अनुभव सांगू लागलं तर?

ऐका. प्रियोळच्या आमच्या एका काकांना झटका आला, १०८ रुग्णवाहिकेने बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं, तिथे शॉक देऊन त्यांचं हृदय चालू केलं. घरी आल्यावर ते सोप्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत मला म्हणाले, ‘बाय, तुला म्हणून सांगतो. आई दिसली. कुळागरात पाटाचं पाणी वळवत होती. म्हणाली, शिंपण राहिलंय, तू जा.’ आतून मुलगा ओरडला, ‘बाबा, औषधाचा अंमल होता तो.’ काकांनी सुपारी डब्यात टाकली आणि गप्प झाले. मी विचारलं, ‘काका, लुगडं कोणतं होतं तिचं?’ ते म्हणाले, ‘हिरवं. गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय चिखलात होते.’ मग बराच वेळ ते आईविषयी बोलत राहिले. मुलगाही बाहेर येऊन बसला. त्याने आजीला पाहिलेलंच नव्हतं.

मुलाचं म्हणणं कदाचित बरोबरही असेल. अतिदक्षता विभागात औषधांमुळे, तापामुळे भ्रम होतात, आणि तसे भयंकर भास चालूच राहिले तर डॉक्टरांना सांगायला हवं. पण कारण सांगायची ती वेळ नव्हती.

पुस्तक वाचल्यापासून झोप लागत नाही. किंवा उलट, तिकडे जावंसं वाटतं.

भीतीचं आधी. काहींना आलेले अनुभव अंधाराचे, एकटेपणाचे असतात आणि ती वर्णनं वाचून कुणीही हादरेल. अशा अनुभवाचा माणसाच्या पापपुण्याशी संबंध असल्याचं दिसलेलं नाही. दिवसा वाचा, थोडं थोडं वाचा.

दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र मी गंभीर आहे. जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल आणि ‘तिकडे सगळं सुंदर आहे’ हे वाचून तिकडेच जावंसं वाटत असेल, तर पुस्तक मिटा आणि आत्ता घरातल्या कुणाला तरी सांगा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थाही आहे.

अशी पुस्तकं मिळतील कुठे?

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात आधी विचारा. दुकानांत ही पुस्तकं बहुधा अध्यात्माच्या फळीवर लावतात. ग्रंथालयात ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, मांडणी असेल तिथे १३३ क्रमांकापाशी, भुताखेतांच्या आणि भविष्याच्या पुस्तकांशेजारी सापडतात. तिथून एक उचललंत की ६१२ आणि ६१६ कडेही जा. मेंदूवरची पुस्तकं तिथे असतात, आणि दोन्ही एकाच आठवड्यात शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही जास्त कळतात.